थोरल्या घंटेची गादी

हॉक्सली, सफोक
मंगळवार, १२ जून १९८४

ब्रिजी,

मी खुशाल आहे. सायकलही बरी आहे, फक्त चढ आला की मागचं चाक कुरकुरतं. बाबांच्या हाताखाली कधी कुरकुरलं नव्हतं. तुझं पत्र बेन्टनच्या पोस्टात राखून ठेवलेलं मिळालं. ते हातात देताना पोस्टातल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बहिणीनं पाकिटात एक साबणही घालायला हवा होता."

तू विचारलंयस की तेवीस तारखेला तुझ्या लग्नात चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत, बाबांच्या जागी, तुझा हात धरून मी चालणार की रेजकाकाला सांगायचं. रविवारपर्यंत तरी उत्तर लिही म्हणतेस. लिहितो. आधी आजचं ऐक.

सकाळी निघालो तो सरळ जायचं म्हणून. पण डावीकडे एक धान्याचं कोठार दिसलं, पाचशे वर्षांचं, तुळया अशा की उलटी ठेवलेली बोटच. आत शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणि मुलांचा पाळणा ठेवलाय. तो म्हणाला, "बघायचंय तर बघ, पण कोंबड्यांवर पाय देऊ नकोस." तिथून परत रस्त्याला लागायच्या ऐवजी बार्लीच्या शेतातून गेलो आणि एका चर्चपाशी निघालो, तिथे छतातल्या लाकडी देवदूतांच्या पंखांत छर्रे रुतलेत. कुणीतरी कधीकाळी आत बंदूक उडवली. झाडूवाली म्हणाली, कावळे मारायला. मग देवदूतांनाच का लागले, विचारलं, तर म्हणाली, "कावळे हलतात."

एका गावात दोन रात्री राहिलो की माझे पाय वळवळायला लागतात, तुला माहितीये. आज संध्याकाळीही हॉक्सली मागे टाकणार होतो. पण मनोऱ्यात घंटांचा सराव चालला होता आणि सहा घंटांत एक गप्प होती. आपल्या घंटा वाजवणाऱ्या घरात वाढलेल्या कुणाला ते ऐकून पुढे जाता येईल का? वर गेलो. मिसेस डोरीन पास्क इथल्या घंटा वाजवणाऱ्यांच्या प्रमुख, अंगानं एवढ्याशा, आवाजानं थोरल्या घंटेएवढ्या. त्यांचा सहावा गडी शिडीवरून पडून खांदा मोडून बसलाय. मला विचारलं, "कुठला?"

"सॉमरसेट."

"म्हणजे वाजवतोस. हा दोर घे. गुरुवारी मयत आहे, शनिवारी लग्न. तोवर कुठे जायचं नाही."

तर मी त्यांच्या सफरचंदं साठवायच्या खोलीत झोपणार आहे. तुझ्या उत्तराचं लिहायलाच बसलो होतो, पण हा कागद संपत आला.

तुझा,
टोबी


हॉक्सलीबाहेर, एका फाटकावर बसून
रविवार, १७ जून

ब्रिजी,

काल मी एका परक्या मुलीच्या लग्नात मयताची घंटा वाजवली. नीट सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी पिऊन लिहितोय.

गुरुवारी इथल्या म्हाताऱ्या लोहाराला पोचवलं. आपल्याकडे मयताला आवाज दबावा म्हणून बांधतात तशाच कातडी गाद्या बांधल्या, घंटेतल्या प्रत्येक लोलकाच्या एकाच अंगाला. एक ठोका खणखणीत, पुढचा टेकडीपलीकडून आल्यासारखा. दफन झाल्यावर मिसेस पास्क म्हणाल्या, "टोबी, तुझे गुडघे नवे आहेत. वर जाऊन गाद्या सोडून आण. शनिवारी लॉर्नाचं लग्न आहे."

गेलो. धाकटीपासून एकेक सोडत थोरलीपाशी आलो, तर बाजूचं छतावर जायचं दार उघडं. म्हटलं, पुढचा रस्ता कुठे जातो तेवढं बघून येऊ. छतावर शिशाचा पत्रा आहे आणि त्यावर लोकांनी आपापल्या बुटांभोवती सुरीनं रेघ कोरून ठेवलीय, आत नावाची अक्षरं. केवढे तरी बूट. मी एकेकात पाय ठेवून बघत बसलो. कुणाचा लांब, कुणाचा अरुंद, एक तर बाईचा असावा. नेमका बसेल असा सापडेना म्हणून शोधतच राहिलो. मग खाली चहा झाल्याची हाक आली आणि हातातल्या गाद्या घेऊन उतरलो. मोजायचं सुचलं नाही.

काल लग्न लागलं. नवरानवरी दाराकडे निघाली तशी मिसेस पास्क म्हणाल्या, "धरा. निघाली." सहाही घंटा सुटल्या. पहिला ठोका लखलखीत. दुसऱ्याला पाच घंटा तशाच, आणि माझी थोरली जमिनीखालून.

चौथ्या दोरावर नॉर्मन म्हणून बेकरीवाला आहे. तो मान न वळवता म्हणाला, "कोण गेलं?"

शरमेनं माझे कान तापले. "थांबवू का?" मी विचारलं.

"खबरदार," मिसेस पास्क म्हणाल्या. "थांबलो तर गावाला कळेल. वाजवत राहिलो तर फक्त कान असलेल्यांना कळेल."

मग वाजवत राहिलो. पाच घंटा लग्नाच्या आणि एक मयताची. नॉर्मन हसू दाबताना दोन वेळा चुकला. मी नाही चुकलो, ब्रिजी. हातांना तो आवाज ओळखीचा होता.

खाली उतरलो तर सायकलीपाशी लॉर्नाच उभी. केसांत लोकांनी उधळलेल्या कागदाच्या टिकल्या, हातात केकची बशी.

"थोरलीला तू होतास?"

"हो."

"माझी सासू रडतेय. तिला वाटतंय तुम्ही मुद्दाम केलंत, माझ्या सासऱ्यांसाठी. ते मागल्या वर्षी गेले, तीस वर्षं तीच घंटा वाजवायचे. तिला काही सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"पण मला खरं सांग."

"विसरलो."

"वाटलंच," ती म्हणाली आणि केक माझ्या हातात दिला. "घटस्फोट झाला तर तुलाच बोलावीन. तेव्हा सगळ्या बांध."

तेवढ्यात सासूबाई आल्या. निळी टोपी, नाक लाल. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "सकाळपासून कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं. माझा दिवस खराब होऊ नये म्हणून. मूर्ख आहेत सगळे." एवढं बोलून त्या फोटोसाठी गेल्या. केक मी रुमालात बांधून घेतला.

आज सकाळी निघायचं होतं तसा निघालो, आणि या फाटकापर्यंत येऊन बसलोय. पाय वळवळताहेत, पण कुठल्या बाजूला ते त्यांनाही कळत नाहीये.

फेब्रुवारीत बाबांच्या मयताला, त्यांनीच सांगून ठेवलं होतं म्हणून, त्यांच्या घंटेला मी होतो. तू खाली शवपेटीमागे चाललीस, मी वर. मी त्यांना चर्चच्या दारातून जाताना बघितलंच नाही. म्हणून माझ्या डोक्यात ते अजून वरच आहेत, बाह्या दुमडून, दोराकडे बघत. कुठल्याही गावात घंटा वाजली की मला वाटतं, चला, आहेत. आणि तू मला खालून चालायला सांगतेस. खालून जाताना वर बघितलं की दिसणारच ना, त्यांच्या दोराला दुसरं कुणी आहे ते. म्हणून उत्तर लिहिलं नाही. रेजकाका तुझ्या पोशाखावर पाय देईल हे मला माहीत होतं, तरी लिहिलं नाही.

तर आता लिहितो. मी येतोय. पश्चिमेला वळलोय, वारा तोंडावर आहे, पण गुरुवारपर्यंत पोचेन. वाटेत ऑक्सफर्डच्या पुढे एक कबुतरखाना आहे म्हणे, सहाशे खणांचा. तो बघणार नाही. बरं, बघेन, पण उतरणार नाही. काकाला सांग, त्याचे बूट घरी राहू देत. माझे मी पॉलिश करून आणतो.

एक विचारायचंय. शनिवारी सकाळी मी स्वतः वर जाईन आणि सहाही लोलकांना हात लावून बघेन, चुकून काही राहणार नाही. पण बाबांच्या घंटेला गादी मुद्दाम बांधू का, एका अंगाला? लोक विचारतील कोण गेलं. आपण सांगू. तुला नको वाटलं तर तीही बाकीच्या पाचांसारखीच वाजेल, मी एक शब्द बोलणार नाही. तू घरी सांगशील तसं.

दारापाशी, तुझ्या डाव्या हाताला,
टोबी