जोडहोडी वाऱ्यावर चढत नाही

मंगळवार, ४
शुद्धलेखनाच्या चुका माफ. नववीत शाळा सोडली, आणि टाईप करताना एकेक अक्षर शोधावं लागतं. वही मामी वाचते (नववा महिना, दिवसभर घरीच), म्हणून फोनवर.

आजही सरावात सगळ्यात मागे. सुकाणू मामाकडे, शीड माझ्याकडे. वारा मागून असला की आमची दोन बुडांची जोडहोडी सुसाट. समोरून आला की नुसती आडवी सरकते, खेकड्यासारखी! मामा म्हणाला, "रविवारच्या शर्यतीत वारा येतो त्या बाजूचा तरंगता बोया हिने धड गाठला नाही ना, तर शीड उतरवतो. इंजिन लावू, पाहुण्यांना फिरवू." म्हणजे मी तिकिटं फाडणार. माणसांशी बोलायचं. दिवसभर!

बुधवार, ५
सापडलं बहुतेक! डोलकाठीची पुढची तार ढिली आहे. शिडाची कड फुगते, मग होडी वाऱ्यावर चढणार कशी? पण परवा तर मी पान्याने आवळली होती —

संध्याकाळी लपून बघितलं. मामाच सोडतो! आजोबांच्या लाकडी होडीची सवय. "दिवसभर ताणलेली असते बिचारी. झोपू दे जरा," स्वतःशीच पुटपुटत होता. सकाळी परत हाताने आवळतो, अंदाजाने. अरे मामा, ही काठी ॲल्युमिनियमची आहे, तिला ताण बाधत नाही! — हे मनात.

गुरुवार, ६
नाही बोलले.

शुक्रवार, ७
बोलले! जेवताना, ताटात बघून. "मामा, तारा सोडू नकोस. आणि होडीचं नाक इतकं वाऱ्यात घालू नकोस. आधी जरा बाजूला पळू दे, वेग धरू दे, मग वाऱ्याकडे घे."

मामी म्हणाली, "अगं बाई, हिला वाचा फुटली!" मामाने ताट सरकवलं. "तीस वर्षं पाण्यात काढली मी." उठूनच गेला.

आता कध्धी बोलणार नाही.

शनिवार, ८
तार घट्ट होती. हात लावला नाही त्याने! सरावात दोनदा काय चढली — साध्या होड्या मागे पडल्या. तिसऱ्यांदा मामाने सवयीने नाक वाऱ्यात खुपसलं. ठप्प. गेले सगळे पुढे.

उद्याही तो हेच करणार. सांगायला हवं होतं.

रविवार, ९
मामीला पहाटे मुलगी झाली! तीन आठवडे आधीच. मामाचा दवाखान्यातून फोन — "मी काही येत नाही आज. होडी तू ने, सुकाणू-शीड दोन्ही तूच. आणि मला विचारत बसू नकोस, तू म्हणालीस तशीच पळव."