मेंदूवरचा लाल ठिपका

१ जानेवारी २०२४
नवीन वर्ष, नवीन डायरी. नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीने फुकट दिलेली. रेघा फार जवळजवळ आखल्यात, त्यामुळे अक्षर बारीक येतंय. ओळीच्या शेवटी तर आणखीच बारीक. फुकटच्या वस्तूत हे असायचंच.
संकल्प एकच. बडोद्यातल्या मराठी माणसाला मेंदू समजावून सांगायचा. रिफायनरीत सेफ्टी खात्यात होतो तेव्हा आग कशी विझवायची हे कोणालाही कळेल असं सांगायचो. मेंदू त्यामानाने सोपा.

४ जानेवारी
मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना भेटलो. दांडिया बाजारातला हॉल ४ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळसाठी मिळाला. विषय: मेंदूचे आजार वेळीच ओळखा. वक्ता: मी. तात्यासाहेबांनी नाक मुरडलं. प्रश्नोत्तरांना एक खरी डॉक्टर हवीच म्हणाले. 'खरी'वर उगाच जोर. मेंदूच्या डॉक्टर पन्ना मजमुदार येणार आहेत. येऊ देत. पहिल्या रांगेत बसतील, चार गोष्टी शिकतील.
तात्यासाहेबांचं मला ठाऊक आहे. गणपतीतली नाटकं तेच बसवतात. इतक्या वर्षांत मला काम दिलं ते दुसऱ्या शिपायाचं, तेही पुढच्या प्रयोगाला काढून घेतलं. म्हणे, तुम्हाला जमायचं नाही. असो. आता स्टेज माझं आहे.

९ जानेवारी
निरुपमा चिडली. आमटी जळून कोळसा झाली आणि मी गॅसपासून दोन हातांवर वाचत बसलो होतो. वास आला नाही. येणार कसा? 'मेंदू आणि गंध' हेच प्रकरण चाललं होतं. याला एकाग्रता म्हणतात. तिचं म्हणणं, मला वर्षभर कसलाच वास येत नाही, डॉक्टरला दाखवून या. हा कोरोनाचा उरलासुरला प्रताप आहे, असं तिला शास्त्रीय भाषेत समजावलं.
दुसरी तक्रार, मी झोपेत लाथा मारतो. स्वप्नात टाकीला आग लागली होती. आग लागल्यावर माणूस स्वस्थ पडून राहील का? ती आता पलीकडच्या खोलीत झोपते. तिची झोप सुधारेल. मेंदूला झोप फार आवश्यक. (स्लाइड ४.)

१४ जानेवारी, उत्तरायण
गच्चीवर. हवेत दम नव्हता, मांजा हलका होता, शेजाऱ्यांचे पतंग बेकायदेशीर जवळ होते. सगळे कटले. निरुपमा मांजाची फिरकी धरून होती. म्हणाली, तुमचा उजवा हात सावकाश चालतो. मी म्हटलं, याला परिपक्वता म्हणतात. घाई तरुणांनी करावी.
उंधियू सगळ्यांनी वाखाणलं. मला बेचव लागलं. यंदा सुरती पापडीच बरी नसावी.
संकल्प: रोज सकाळी कमाटी बागेत चालणे.

१६ जानेवारी
चालायला गेलो. चपला घासल्या जातात. नवीन घ्यायला हव्यात. तोवर चालणं बंद.

२० जानेवारी
लहरीपुऱ्यातून लेझर पॉइंटर आणला. भिंतीवर मेंदूचं चित्र लावून तालीम केली. लाल ठिपका लहान मेंदूवर ठेवला की मोठ्या मेंदूत जातो, तिथून कानात, कानातून कॅलेंडरवर. चायना माल.

२१ जानेवारी
पॉइंटर परत द्यायला गेलो. दुकानदाराने हातात धरला, भिंतीवर ठिपका जागच्या जागी. 'जुओ काका, एकदम बराबर छे,' म्हणाला. दुकानात सगळंच बरोबर चालतं. निरुपमा बरोबर होती. परत येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. तिला भेळ खायची होती बहुधा.

२७ जानेवारी
पूर्ण तालीम. श्रोते: निरुपमा. तिला सोफ्यावर ऐकू येईना, म्हणून खुर्ची ओढून पुढे आली. तिने कान तपासून घ्यावेत.
दहावी स्लाइड पार्किन्सनची. झकास जमली आहे. हात बसल्या जागी थरथरतो. अक्षर बारीक होतं. आवाज बसतो. चेहऱ्यावर हसू उमटत नाही. पाय फरपटतात. वास येईनासा होतो. झोपेत हातपाय झाडतो. निरुपमाने ही स्लाइड पुन्हा वाचायला लावली. वाचत असताना माझ्याकडे टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी. विषय पोचला म्हणायचा.
अकरावी स्लाइड गाळतोय. 'हे बदल रोग्याला स्वतःला दिसत नाहीत, घरच्यांचं ऐका.' निरुपमा म्हणाली, हीच ठेवा, बाकी सगळं काढलं तरी चालेल. पण वेळ कमी आहे. शिवाय घरच्यांचंच ऐकायचं तर विज्ञान कशाला शिकायचं?

३ फेब्रुवारी
शर्टाची बटणं लावून पाहिली. नवीन शर्टांची काजं हल्ली लहान करतात. शेवटी निरुपमाने लावली. उद्या झब्बा.

४ फेब्रुवारी
यश. निर्विवाद यश.
हॉल भरला होता. व्याख्यानानंतर सेव-उसळ होती, पण त्यासाठी कोणी आलं असेल असं वाटत नाही. माइक अत्यंत टुकार. मागचे लोक सारखे 'आवाज, आवाज' करत होते. ठिपका तर इतका नाचला की पहिल्या रांगेतल्या बायका त्याच्याबरोबर माना हलवत होत्या.
पण दहाव्या स्लाइडला चमत्कार झाला. एकेक लक्षण वाचत गेलो आणि हॉल चिडीचूप. हात थरथरतो, म्हटलं. सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. आवाज बसतो, म्हटलं. सगळे कान देऊन पुढे वाकले. पाय फरपटतात, म्हणत पाणी प्यायला टेबलापर्यंत गेलो, तेवढ्यात टाळ्या. मी चक्रावलो. संपल्यावर धनाजीराव स्टेजवर चढले. हे दर वर्षी नाटकात राजा असतात. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, काय बेमालूम नक्कल केलीत, थरथर तर अगदी हुबेहूब.
आता अशा वेळी काय बोलायचं? 'सराव आहे,' म्हटलं. तात्यासाहेब शेजारी उभे होते. त्यांच्या तोंडाला कुलूप. दुसरा शिपाई म्हणे.
डॉ. मजमुदारही फार प्रभावित. निरुपमाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या आणि उद्या क्लिनिकवर बोलावलं. व्याख्यानमालेचा विचार दिसतोय.
घरी आल्यावर निरुपमाला धनाजीरावांचं बोलणं पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर बसली.
'अहो, नाटक संपलं. आता हात थांबवा.'
थांबवला. म्हणजे डाव्या हाताने धरून ठेवला.

५ फेब्रुवारी
पेन ड्राइव्ह घेऊन गेलो होतो. तो कोणी मागितला नाही.
डॉक्टरबाईंनी बोटं आपटायला लावली. पॅसेजमधून चालवलं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. कागद साधा कोरा होता, रेघा नव्हत्या. अक्षर तरी बारीकच आलं.
पार्किन्सन. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने बरीच वर्षं चांगली जातात, असं त्या म्हणाल्या. हे मला माहीत आहे, मीच काल सांगितलं. तरी जणू पहिल्यांदा ऐकत होतो. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
डॉक्टरबाई म्हणाल्या, 'काका, तमे बधुं साचुं कह्युं. एक ज वात रही गई.'
सगळं खरं सांगितलं, मग राहिलं काय, मी विचारलं.
'अकरावी स्लाइड,' निरुपमा म्हणाली.

९ फेब्रुवारी
गोळ्या सुरू. तपासण्या चालू. कमाटी बागेत जाऊन आलो, निरुपमा बरोबर होती. ती पावलं मोजत होती, मी चपलांना दोष दिला नाही. एकदा दिला.
दुपारी तात्यासाहेबांचा फोन. करजणच्या मंडळाला व्याख्यान हवंय. अट एकच, अभिनय तसाच पाहिजे. करजणपर्यंत कीर्ती गेली. झटकन 'हो' म्हणणार होतो. निरुपमा समोर बसून शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.
मी म्हटलं, तात्यासाहेब, तो अभिनय नव्हता. मला आहे तो आजार.
वाटलं, आता हे गहिवरणार, आणि त्यांना धीर मलाच द्यावा लागणार. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळवही केली.
तात्यासाहेबांनी मोठा सुस्कारा सोडला.
'तरीच,' ते म्हणाले. 'पाच दिवस मला झोप नाही. म्हटलं, तुम्हाला इतकं जमतं आणि मला कळलं कसं नाही?'
करजणला जाणार आहे. अकरावी स्लाइड पहिली. पॉइंटर निरुपमा धरणार.