सावर्ड्याचं रंधा मशीन

६ ऑक्टोबर
निर्णय पक्का. मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीत आलो ते ओटीवर बसायला नाही. फर्निचरचा कारखाना काढणार. सुतारकाम मला येत नाही, ते वाडीतल्या बाबल्याला येतं. मला मॅनेजमेंट येते. मशिनरी सेकंडहँड घ्यायची. नवीन घेतात ते हौशी लोक. अक्षया म्हणाली, आधी गिऱ्हाईक तरी बघा. बायकोला व्हिजन नाही.

११ ऑक्टोबर
बघितलं! शेजारच्या अस्लमभाईंच्या नबीलाचं लग्न २७ डिसेंबरला. पलंग हवाय, घरच्या फणसाच्या लाकडाचा. शब्द दिला. त्यांचं लाकूड आमच्या शेडमध्ये येऊन पडलं. बाबल्या म्हणाला, "भाऊ, उद्यापासून हातानं रंधा मारतो. महिन्यात पलंग उभा." नको म्हटलं. आपल्याकडे मशीनचंच काम होणार.

१९ ऑक्टोबर
सावर्ड्याला जाऊन रंधा मशीन बघितलं. मालक रावजी, जुने सुतार, धंदा बंद करतायत. उजव्या हाताला तीनच बोटं. म्हणजे अनुभव दांडगा. मशीन चालू केलं तर गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. बाबल्या कानात म्हणाला, "थ्री फेजवरचा हाय भाऊ. आपल्याकडे लाइन हाय काय?" असले प्रश्न विचारले की आपण नवखे दिसतो. त्याला चहा सांगायला पाठवलं. मोटरवर दोन थापा मारल्या, सौदा केला.

२४ ऑक्टोबर, सं. ६
मशीन आलं. उतरवायला आठ माणसं. शेडच्या दारातून जाईना. भिंत थोडी पाडली. एक्स्पान्शन सुरू.

२५ ऑक्टोबर, स. ९
नारळ फोडला. वायरमनने मोटर बघून हातच जोडले. घराला सिंगल फेज. थ्री फेजसाठी अर्ज करायचा, शिवाय दोन खांब लागतील. अर्ज केला. पंधरा दिवसांत काम होईल, असं माझं मत.

१५ नोव्हेंबर
खांब नाहीत. बाबल्या म्हणतो, अजून हातानं होईल. घाईत क्वालिटी जाते, हे त्याला समजावलं. त्याने आपला हातरंधा पिशवीत टाकला. पटलं असावं.

२९ नोव्हेंबर
अस्लमभाई आले. "अनिलशेठ, पलंग?" मी मशीन दाखवलं. त्यांनी चहूबाजूंनी फिरून बघितलं. म्हणाले, "ह्याच्यावर झोपायचं काय पोरीनं?" दुपारी टेम्पो आणून लाकूड घेऊन गेले. बाबल्याही मागे लाकडांवर बसून गेला. उतरवायला मदत म्हणून असेल.

३० नोव्हेंबर
अस्लमभाईंच्या पडवीतून रंध्याचा आवाज येतोय. सकाळपासून. मी रेडिओ लावला.

२७ डिसेंबर
लग्न. पलंग बघितला. हात फिरवला, कुठे अडकला नाही. दुबईचे पाहुणे विचारत होते, कुणी केला? मी थोडा पुढे झालो. अस्लमभाईंनी बाबल्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला तिथेच तीन ऑर्डरी मिळाल्या. बिर्याणी उत्तम होती म्हणतात.

९ जानेवारी
मशीन विकायला काढलं. तात्पुरतं. एकच फोन आला. किलोच्या भावाने देता काय, म्हणाला.

१२ जानेवारी, स. ८
बाबल्या आला. माफी मागायला असेल असं वाटलं. त्याला पॉलिश पेपर घासायला माणूस हवाय. खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमास चालेल काय?" विचार करून सांगतो म्हटलं. अक्षयाने आतूनच ओरडून सांगितलं, उद्यापासून येतील.

१३ जानेवारी
बाबल्याकडे दिवसभर एकच फळी घासली. बाबल्या दोनदा म्हणाला, "भाऊ, लाकडाच्या रेषेबरोबर घासा, आडवा नको." तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही. म्हणजे जमलं. संध्याकाळी चष्मा राहिला म्हणून परत गेलो, तर बाबल्या एकटाच बसून तीच फळी पहिल्यापासून घासत होता. मला बघून त्याने ती पटकन मागे लपवली.

चष्मा उद्या आणेन.