शकूची बदली

शनिवार संध्याकाळ, महाबळेश्वर

माझ्याच शाळेत शिकवणारी शकू आज लॉजच्या न्हाणीत अर्धा तास होती. आमच्या चाकूरला नळ आठवड्यानं येतो. लातूर जिल्हा झाला, तरी पाण्याची पाळी तीच. मी हाक मारली नाही, घेऊ दे म्हटलं मनसोक्त आंघोळ.

बाहेर येऊन म्हणाली, "माझी बदली झाली गं. जूनपासून सातारा."

"मागितली होतीस?"

"हाव. तुला सांगायला धीरच होईना."

अर्धा तास आत हेच घोकत होती का? मला राग आला नाही. सातवीचा वर्ग कोण घेणार, एवढंच विचारलं. ती रडली.

उद्या परतायचं होतं. मीच म्हटलं, सोमवारची रजा टाकू. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.