बावीस हजारांची केबल आणि दादाची बारी

९ नोव्हेंबर
मुंबईहून केबल आली. मालवणला जाऊन कुरिअरवाल्याकडून आणली. दीड मीटर, बावीस हजार. दुपारी बांगड्याचं तिखलं. बाकी विशेष नाही.
साउंडवाल्या रिचर्डचे दिवस भरले.

१० नोव्हेंबर
कारण लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी भजनाच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, माझा मोठा भाऊ शंकरदादा लवूबुवांकडून हरला. ऐन गजरात त्याचा आवाज तुटला, असं सगळे म्हणतात. त्यानंतर त्याने पेटीला हात लावला नाही. गेल्या वर्षी गेला. मी त्याच्या मागे बसून झांज वाजवत होतो. आवाज दादाचा तुटला नव्हता, साउंडवाल्या रिचर्डच्या ऐंशी रुपयांच्या वायरीत तुटला. बारीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, अजून ऐकायचा धीर झालेला नाही. चांगल्या केबलमधून ऐकवलं की सिद्ध होईल. २३ला वर्षश्राद्ध. रिचर्ड आणि लवूबुवा, दोघांनी फोटोपुढे माफी मागायची. मी लगेच माफ करणार नाही.

११ नोव्हेंबर
रिचर्ड बाजारात भेटला. म्हणाला, "मास्तर, बावीस हजाराची वायर? रेकॉर्डिंगात जा आसा ताच ऐकूक येतला. वायर काय वेगळा गाणा म्हणची नाय." लोक हसले. घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली. तिन्ही जबरदस्त.

१३ नोव्हेंबर
माहितीपत्रकात लिहिलंय, केबल शंभर तास चालवल्याशिवाय तिचा खरा आवाज खुलत नाही. तोवर दादाची बारी लावणार नाही. सनई लावून ठेवली आहे. वहिनी म्हणाली, "मुरूक ती काय कैरी आसा, भावजी?" शेजारची जॉयसी लग्न कोणाचं म्हणून विचारून गेली.

१७ नोव्हेंबर
साठ तास झाले आणि केबलवर बारीक बाण दिसला. मी उलटी जोडली होती. साठ तास फुकट. पुन्हा पहिल्यापासून. उद्यापासून सनई पहाटे पाचला.

२२ नोव्हेंबर
अठ्ठ्याण्णव तास. दोघांना निमंत्रण दिलं. लवूबुवा म्हणाले, "येतंय. पण ती बारी कित्याक लावतंस, बाबू? ऱ्हवांदे." घाबरले.

२३ नोव्हेंबर
जेवणं झाली. केबल जोडली, बाण बरोबर. दादाचा आवाज घरापुढच्या खळ्यात भरला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. गजर वर चढला. आणि तिथे झांज ताल सोडून पुढे निघून गेली. दादा थांबला, तिला सांभाळून घेतलं, पुन्हा सूर उचलायला गेला आणि आवाज तुटला.
आमच्याकडे झांज वाजवणारा मी एकटाच होतो.
लवूबुवा चटईकडे बघत राहिले. मी रिचर्डला म्हटलं, तुझी वायर लाव. तो नको म्हणत होता, मीच हट्ट धरला. ऐंशी रुपयांच्या वायरीतही झांज तेवढीच पुढे गेली.
वहिनी म्हणाली, "ह्यांनी माका त्याच दिवशी सांगितल्यानी. बाबूक कळाक नको, तो झांज सोडीत, म्हणाले."
रिचर्ड उठताना म्हणाला, "केबल बरी आसा हां, मास्तर."
मी केबल गुंडाळून खोक्यात ठेवली.

२४ नोव्हेंबर
कंपनीला फोन केला. केबल परत घेण्याची मुदत चौदा दिवस. काल संपली. शंभर तासांचा नियम त्यांचाच. तक्रार करणार, कडक भाषेत. कागद घेतला. तारीख घातली. पुढे काही लिहिलं नाही.
वहिनीने जेवायला हाक मारली. भूक नाही म्हणालो. मग पेज शिजवली, मीठ घातलं आणि चुलीपाशी उभ्यानेच प्यायलो.