गंजोबा उठतो कसा

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड वाकडं करू नकोस. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि माझी भानगड तुझ्याआधी सगळ्या जिन्याला कळते. म्हणून हा कागद. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण चौथीनंतर मला शाळेत कोणी पाठवलं नाही. तक्रार वडिलांकडे करायची, ते आता सापडत नाहीत.

बातमी अशी की तुझी धाकटी बहीण प्रसिद्ध झाली आहे.

लहानपणी आपण शाळा बुडवून एक सिनेमा बघितला होता, आठवतो? दूरच्या ग्रहावरचा पत्र्याचा राक्षस, आपण त्याला गंजोबा म्हणायचो. शेवटी तो तळ्यात बुडला आणि तू माझ्या फ्रॉकला नाक पुसलंस. त्याचा नवा भाग आला आहे. नवा म्हणजे कसा, ते आमच्या राजेंनी मला समजावलं. पंचविशी ओलांडली तरी चिरंजीवांना याच विषयात गती आहे. तर हा दुसरा भाग, पण पहिला घडलाच नाही असं धरून नव्यानं मांडलेला. म्हणजे लग्न झालंच नव्हतं म्हणायचं आणि त्याच लग्नातलं धाकटं पोर मिरवायचं.

आमच्या लाँड्रीत सध्या माणसांचे कपडे येत नाहीत. जुन्या सिनेमाचे भक्त राखाडी झगे आणतात, नव्याचे निळे, आणि दोघांनाही शनिवारीच इस्त्री हवी. एका राखाडीनं मला बजावलं की माझा झगा निळ्याशेजारी टांगू नका. मी सांगितलं, बाबा रे, मशीनमध्ये दोघं गळ्यात गळा घालून फिरलेत, आता लाजून काय उपयोग. राखाडी म्हणतात या सिनेमानं आमचं बालपण तुडवलं. पन्नाशीच्या बाप्यांचं बालपण अजून तुडवायचं शिल्लक होतं, हेच मला नवल. जुन्या गंजोबाच्या पाठीवर पोशाखाची चेन दिसायची ना, ती आता पवित्र झाली आहे. निळे म्हणतात हा सिनेमा तीनदा बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे तीनदा धुऊन डाग गेला नाही तर कपडा परत देतात. तिसरी एक जमात आहे, तिनं सिनेमा बघितलेलाच नाही. सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडते.

राजे राखाडींचे सेनापती. आम्हा दोघांना ओढून घेऊन गेले. आमच्या यांना पहिल्या लढाईतच झोप लागली, त्यामुळे त्यांचं मत एकदम निःपक्षपाती आहे. बाहेर आल्यावर राजेंनी माझ्या तोंडासमोर फोन धरला आणि गंजोबा कसा वाटला विचारलं. मला विचारलं की मी सांगते. म्हटलं, डोंगराएवढं लोखंड तळ्यातून उठतं ते दोरीवरचा पायजमा वाऱ्यानं उठावा तसं. अंगाला वजन नाही. ज्यानं हे केलं त्यानं जन्मात कोणाला उठताना बघितलेलं नाही. त्याच्या आईला म्हणावं, पोराला घरी बोलावून घे, भांडी तरी घासेल.

झालं. अर्ध्या जगानं ते बघितलं. राखाडी दुकानात येऊन वाकून नमस्कार करतात. एकानं माझं थोबाड शर्टावर छापून घेतलंय. परवा मी स्वतःच्याच तोंडावर इस्त्री फिरवली.

बारकी कशी आहे? तुझी लेक कॉम्प्युटरवर दिवसरात्र काय करते ते कधी सांगत नाही. नोटा छापत नाही ना, विचार एकदा.

लोभ असू दे, आणि उत्तरासाठी महिना लावू नकोस.

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. हात जरा जड झाला आहे, पण देते.

तुझी प्रसिद्धी पत्राच्या आधीच इथे पोचली. तुझ्या सल्ल्याप्रमाणे पोरीला घरी बोलावून घेतलं आहे. भांडी घासते. बरी घासते, फक्त बोलत नाही.

अजून डोक्यात शिरलं नसेल तर फोड करून सांगते. बारकी दोन वर्षं त्याच सिनेमाचं काम करत होती. आईलाही सांगायचं नाही अशी त्या लोकांनी तिची सही घेतली होती. तळ्यातून गंजोबाला उठवायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं, कारण आपण दोघी त्याच्या गोष्टी सांगायचो. सिनेमा लागला की आपल्याला चकित करणार होती. ती तोंड उघडणार त्याआधीच त्यांच्या जेवणाच्या खोलीत कोणीतरी मोठ्या पडद्यावर तुला लावलं. सगळे पोट धरून हसले. तीही हसली, नाहीतर ही आपली मावशी आहे हे त्यांना कळलं असतं.

तू जिला निरोप धाडला होतास ती आई मीच. निरोप मिळाला.

कंपनीला ती पुढच्या भागासाठीही हवी आहे. पंधरा मार्चपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. ती म्हणते नाही. हे काम आपलं नव्हेच, कुठेतरी आकडे भरायची नोकरी बघते म्हणते. लहानपणापासून जी पोर भिंतीवर माणसं काढायची, ती आता भिंतीकडे तोंड करून झोपते. सिनेमा बघू नकोस असं मला बजावलंय, म्हणून मी बघितलेला नाही. घरात सांगितलेलं ऐकणारी मी एकटीच उरले आहे.

तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, सध्या घडी घालून ठेवला आहे.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., स्वीकारलास तर.

मला काय स्वप्न पडलं होतं? सही करून आईपासून लपवतात ते काय काम म्हणायचं? आधी एक शब्द कानावर घातला असता तर मी खोटं बोलले नसते का? बोलले असते. बहिणीच्या पोरीसाठी धडधडीत बोलले असते.

तुझं पत्र मी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं वाचलं आणि एका निळ्याचा झगा जाळला. तो रडायला लागला. मी त्याला म्हटलं, थांब, आधी माझी पाळी आहे.

राजेंना सांगितलं तर चेहरा पांढरा पडला. बारकीला सायकल त्यानंच शिकवलेली. त्यानं व्हिडिओ लगेच काढून टाकला. पण लोकांनी आपापल्या घरी माझी पिल्लं काढून ठेवली आहेत, काहींनी मागे ढोल वाजवलाय. मग मी म्हटलं, दुसरा काढ. केस विंचरले, चांगले कपडे घातले, आणि सांगितलं की सिनेमा उत्तम आहे, गंजोबा फार छान उठतो.

राजे म्हणतात मी एरंडेल प्यायल्यासारखी दिसत होते. राखाडी म्हणतात कंपनीनं म्हातारीला विकत घेतलं. निळे म्हणतात म्हातारी आमची टर उडवते. म्हातारी म्हणण्यावर मात्र दोघांचं एकमत. आणि ज्यांनी सिनेमा बघितलाच नाही ते पहिल्यापेक्षा जास्त हसले. खोटं बोलायलाही चौथीच्या पुढे शिकावं लागत असेल.

म्हणजे घाण निस्तरायला गेले आणि दुप्पट करून आले. बारकीचा फोन बंद लागतो. तिला सांग, मावशीला अक्कल नाही. नको, ते तिला कळलंच आहे. काय सांगायचं ते तूच ठरव, तू मोठी आहेस. पण त्या आकडे भरायच्या नोकरीचा अर्ज आला तर चुलीत घाल.

घडी उलगडायची तेव्हा उलगड.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईच्या पाकिटात माझाही कागद घालते आहे. फोन चालू केला की सगळं जग एकदम बोलायला लागतं, म्हणून बंद आहे.

मावशी, दुसरा व्हिडिओ नको होता. मी राजेदादावर रागावलेली नाही. तुझ्यावर रागावले होते, पण तो दुसरा बघून मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

खरं सांगते. सिनेमा लागल्यापासून हजारो लोकांनी माझ्या कामावर लिहिलं. अर्धे म्हणतात चमत्कार, अर्धे म्हणतात शेण. ज्यांनी चमत्कार म्हटलं त्यांनी काय आवडलं ते सांगितलं नाही, आणि शेण म्हणणाऱ्यांनी काय चुकलं ते. तू एकटीनं सांगितलंस. वजन नाही. ते ऐकलं आणि मला कळलं की ते खरं आहे. मला टोचलं ते त्यामुळे. खोटं असतं तर मी दोन दिवस रडून कामावर गेले असते.

पण नक्की कुठे चुकलं ते मला दिसत नाही. डोळे मिटले की तेवढाच तुकडा दिसतो, आणि मी तो इतक्यांदा बघितलाय की आता काहीच दिसत नाही. जे स्वतःला दिसत नाही ते दुरुस्त कसं करायचं? म्हणून मी नाही म्हणणार आहे. त्याआधी एक मागते. पुन्हा एकदा जाऊन बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून एक अक्षरही लिहू नकोस.

माया असू दे, दया नको.

तुझी,
बारकी

४ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

गेले. एकटी गेले, स्वतःचं तिकीट काढून. आता दुपारचा एकच खेळ उरलाय. हॉलमध्ये राखाडी डावीकडे, निळे उजवीकडे, मधल्या रांगेत मी. लढाईत राखाडी शिट्ट्या मारतात, की निळे त्यांना गप्प करतात, मग निळ्यांना गप्प करायला राखाडी ओरडतात. असं त्यांचं दर आठवड्याला चालतं म्हणे. एवढा राग असलेला सिनेमा बघायला माणूस चौथ्यांदा पैसे देऊन येतो, त्याला भक्ती नाही तर काय म्हणायचं.

आता तुझं. डोळे फाडून बघितलं. वाटत होतं की चूक माझीच निघावी. नाही निघाली. गंजोबा उठतो ते वाईटच उठतो. आधी डोकं वर, मग खांदे, मग बाकीचा, वरून कोणी ओढल्यासारखा. अगं, जड माणूस असा एकदम उठत नाही. आधी तो उठायचं मनात आणतो. मग नको वाटतं. मग टेकायला हात कुठे मिळतो ते शोधतो. तुझ्या गंजोबाला उठायचा कंटाळाच नाही.

सिनेमा संपायच्या आतच मी निघून जाणार होते, पण मधल्या रांगेतून बाहेर पडायला जागा नव्हती. म्हणून पुढचं बघितलं. शेवटी तो काठावर येतो आणि त्या मुलीजवळ बसतो. पहिल्या वेळी माझं तिकडे लक्षच नव्हतं, मी तुझ्या काकांना उठवत होते. तो उजवा हात मागे टेकतो, डावा पाय लांब सोडतो, अर्ध्यात थांबतो, आणि मग उरलेला धपकन. आणि धपकन झाल्यावर इकडेतिकडे बघतो, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून.

मी हॉलमध्ये मोठ्यानं ओरडले, की अगं बाई, ही तर आमची ताई! राखाडींनीही मला गप्प केलं आणि निळ्यांनीही. एका बाबतीत तरी जुळवून आणलं मी त्यांचं.

तो डावा गुडघा तुझ्या आईचा आहे, बारके. तू ठरवून केलं नसशील, पण तिलाच केलंस. कामावरून आली की ती अशीच बसते, आणि तू ते हजारदा बघितलंस. उठताना कधी बघितलंस? तू डोळे उघडायच्या आत ती उठलेली असायची. तुला तिचं उठणं ठाऊकच नाही. मग ते लोखंडात कुठून येणार?

आता तू तिथेच आहेस. भिंतीकडचं तोंड फिरव, तिच्याआधी ऊठ आणि बघ. मग नोकरी सोडायची तर सोड, मी अडवणार नाही. पण न बघता सोडलीस तर मी येऊन कान पिळीन.

बाकीचा सिनेमा भिकार आहे, पण तो तुझ्या एकटीचा गुन्हा नाही. दया एका अक्षराचीही नाही, मोजून बघ.

मावशी

१६ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

बहिणीला इतकी अक्कल कधी आली असं विचारणार होते, पण राहू दे, चढून जाशील.

त्या दिवशी जाग आली तर बारकी माझ्या उशाशी माझाच फोन धरून बसलेली. मला वाटलं माझं काही बरंवाईट झालं आणि ही आठवण म्हणून ठेवते आहे. म्हणाली, आई, बघू नकोस माझ्याकडे, नेहमीसारखी ऊठ. आता कोणी असं म्हटल्यावर नेहमीसारखं उठता येतं का? मी लाजून चांगली ताठ उठले. तिनं मला परत झोपवलं. मग रोज तेच. पलंगावरून, जमिनीवरून, धुण्याच्या बादलीपाशी. चौथ्या दिवशी मी वैतागले, विसरले की ती बघते आहे, आणि आई गं म्हणून पलंगाची कड धरली. हे, हे, हे असं ओरडत ती नाचली. माझा जीव चालला होता आणि पोर नाचत होती.

मग भिंतीला टेकून बसली आणि कागदावर काढत राहिली. जेवायला हाक मारली तर ओ नाही. मला ऐकू येत नाही हे ठीक, तिला काय झालं?

तेरा तारखेला तिनं फोन चालू केला आणि कंपनीला हो म्हणाली. काल गेली.

तुझ्या तोंडानं आली आणि तुझ्याच तोंडानं गेली. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर जा म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं. तुला म्हणून लिहिते, ती रडत का होईना घरात होती तेव्हा घर भरलेलं होतं. सकाळपासून दोनदा दोन ताटं काढली आणि एक परत ठेवलं.

लोभाची घडी उलगडली आहे. चुरगळला आहे, तुझ्याकडे इस्त्री आहेच.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न.

रविवारी येते. लाँड्रीच्या मालकाला सांगितलं, चार दिवस राखाडी आणि निळे चुरगळलेले फिरले तर आकाश कोसळणार नाही. तो काहीतरी बोलत होता, मी ऐकून घेतलं नाही.

तुमच्याकडे सिनेमाचा अजून एक खेळ चालू आहे, राजेंनी शोधून काढलं. बारकीला फोन करून विचारलं की आता आईला नेऊ का. ती म्हणाली, ने, पण तो तळ्यातून उठतो तेव्हा आईचे डोळे झाक.

मी झाकणार आहे. कुरकुर करायची नाही. शेवटी तो काठाशी येईल तेव्हा हात काढीन, मग बघ. त्यानंतर तू रडलीस तरी मी समोर बघत राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. तसा मला सराव नाही, पण तुझ्यासाठी करून बघते.

दुसरं ताट बाहेरच असू दे. लोभ अंगावर घेऊनच येते.

तुझी,
धाकटी