जव्हारच्या बर्फाबद्दल प्रामाणिक मत

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
रविवार, चर्चची सकाळची मिस्सा बुडवून

माननीय लेखकमहाशय डॅरिल (म्हणजे माझ्याच धाकट्या भावाचा मुलगा, ज्याचं वाहतं नाक मी स्वतःच्या गाऊनला पुसलंय) यांना बर्था आंटीचे आशीर्वाद. देव तुला, तुझ्या फ्लेवियाला आणि पोरांना सुखात ठेवो. तिचा गुडघा आता कसा आहे? तुझी ॲसिडिटी काय म्हणते? बोरिवलीला तुमच्या सोसायटीत म्हणे अजून टँकरचंच पाणी, तर उकळून प्या. आमच्याकडे सगळं ठीक आहे. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच.)

पत्र बघून घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, 'आंटी, माझी गोष्ट कशी वाटतेय? एकदम प्रामाणिक सांग हं,' आणि मी म्हटलं, 'झकास.' ते साफ खोटं होतं. आमचं घर केवढं आहे ते तू बघितलंयस. मी चुलीपाशी बोलले तरी आतल्या कॉटवर क्लेमेंटला ऐकू जातं. माझ्या नवऱ्याच्या अंगात आता कान तेवढे धड राहिलेत. त्याच्या कानांदेखत तुझ्या गोष्टीला नावं ठेवणं मला जमायचं नाही, आणि मोबाइलवर एवढं लांब टाइप करायला माझा अंगठा शिकलेला नाही. म्हणून पेन घेतलं.

तू येतोस तेव्हा दारातच सफरचंदं ठेवतोस आणि 'अंकल झोपलेत ना, मग नको उठवू' म्हणून पळतोस. (तो झोपलेला नसतो. आणि सफरचंद त्याला गिळत नाही, ती आमची पोरगी जोआना खाते, थँक यू.) तेव्हा तुला नीट सांगते. लिव्हर संपलंय. पोट टरारून फुगलंय आणि हातापायांच्या काड्या झाल्यात. ऑगस्टमध्ये हॉस्पिटलने घरी पाठवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गणपतीपर्यंत बघू. गणपती गेले, दसरा गेला, लोकांनी दिवाळीचे कंदील उतरवले, आणि हा आहे. कसा आहे ते विचारू नकोस. कूस बदलताना ओरडत नाही, ओठ चावतो. पण संध्याकाळी दोन चमचे चहा पोटात गेला की म्हणतो, 'बर्था, पुढे काय झालं गं? वाच.' जन्मभर ह्या माणसाने आरे कॉलनीच्या झाडीतून बस चालवली आणि डेपोत बसून रहस्यकथा वाचल्या, आणि आता त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं थांबत नाहीत. म्हणून मी वाचते. मी, रे! लग्नानंतर मसाल्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपलीकडे मी काही वाचलेलं नाही. आणि आता एवढं वाचलंय की कोणी प्रामाणिक मत विचारलं तर त्याचीच वाट लागेल.

सुरुवात शेजारच्या वनमालापासून झाली. तिने जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आणून दिला. पहिल्या गोष्टीत एक बाई खिडकीत उभी. दुसऱ्या गोष्टीत दुसरी बाई दुसऱ्या खिडकीत. ती चहा करते, तिला कोणाची तरी आठवण येते, चहा निवतो, गोष्ट संपते. क्लेमेंट म्हणाला, 'पुढे?' म्हटलं, 'संपली.' म्हणाला, 'अशी कशी संपेल? पान फाटलं असेल, बघ नीट.' मी पण येडी, जाऊन वनमालाशी भांडले की आजारी माणसाच्या घरी फाटके अंक देतेस, लाज नाही वाटत? तर ती हसली आणि म्हणाली, अगं, शेवट वाचणाऱ्याने आपला समजून घ्यायचा असतो. हा कुठला धंदा, डॅरिल? मासळीवालीने अर्धा पापलेट टोपलीत टाकून उरलेला समजून घ्या म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? त्याच गठ्ठ्यात सुट्टीतल्या प्रवासाची वर्णनं पण होती. ही माणसं कर्ज काढून स्वित्झर्लंडला जातात आणि तिथे डोंगर सोडून नाश्त्याला काय मिळालं नाही ते लिहितात. एका काकांनी तर बाथरूममध्ये तांब्या नव्हता ह्यावर अख्खं पान खर्ची घातलंय. मात्र खोटं का बोलू, ते पान वाचताना क्लेमेंटला गोळीशिवाय झोप लागली. त्यानंतर मी ते जपून ठेवलंय, दुखणं वाढलं की तांब्या काढते.

नाताळच्या गोष्टींचं तर नाव काढू नकोस. प्रत्येक गोष्टीत एक आजारी माणूस असतोच, आणि तो चोवीस तारखेला घंटा वाजली की उठून बसतो आणि सूप मागतो. हे मी कोणत्या तोंडाने वाचू? क्लेमेंट ऐकतो आणि छताकडे बघतो. म्हणून मी म्हटलं, नाताळ नको, दुसरं बघू. तर दुसऱ्यात नेमका नवराच मरायला टेकलेला. पुढच्या ओळीत तो जाणार हे मला दिसलं, आणि माझी जीभ अडली. मी म्हटलं, 'आणि दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला.' क्लेमेंट खूश झाला. मी पान उलटलं, तर पुढे सगळं अंत्यविधीचंच वर्णन, बँड, हार, रडणारी माणसं, आणि मी घाईघाईत ते तसंच वाचत सुटले. क्लेमेंट म्हणाला, 'थांब थांब. हे कोणाचं?' मी म्हटलं, 'त्याच्या जुळ्या भावाचं.' 'त्याला जुळा भाऊ होता?' 'होता.' 'मग आधी का नाही सांगितलं?' म्हटलं, 'लेखक फालतू आहे, मी काय करू?' त्या लेखकाने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं, पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही रे.

तर आता तुझ्याकडे येते. चर्चच्या मासिकात जूनपासून तुझी 'पाहुणे नऊ, खुर्च्या आठ' चालू आहे. नऊ माणसं नाताळच्या सुट्टीला जव्हारच्या बंगल्यात जातात. ठीक. तिथे बर्फ पडतो. डॅरिल, जव्हारला बर्फ? तू शाळेच्या ट्रिपला एकदा तिथे गेला होतास आणि येताना बसमध्ये ओकला होतास, तेवढीच तुझी माहिती. बाबा रे, तिथे डिसेंबरात एक स्वेटर पुरतो! मग दोन महिने ही नऊ माणसं आठ खुर्च्यांवरून भांडतात. अरे, एकाने कॉटवर बसावं ना! ऑगस्टच्या अंकात म्हातारा पास्कल एकदाचा विष खाऊन मरतो, आणि मरताना दीड पान बोलतो. दीड पान! सगळ्यांना माफ करतो, जमिनीच्या वाटण्या सांगतो, देवाचं नाव घेतो. माझ्याकडे ये आणि कॉटपाशी बस, म्हणजे तुला कळेल माणूस किती बोलतो ते. 'पाणी' म्हणायला क्लेमेंटला दोनदा श्वास घ्यावा लागतो. वर हे मयत तू तेव्हापासून सोफ्यावर ठेवलंयस. लोक त्याच्या बाजूला बसून इंद्यालचा रस्सा आणि तळलेले फुगे खातात, आणि तो गोडबोल्या डॉक्टर सगळ्यांना 'काळजी करू नका' म्हणत फिरतो. फादरला बोलवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, घरात वास कसा नाही, चादर कोण बदलतं, काही नाही. तुझ्या गोष्टीत कोणाला संडासलासुद्धा जावं लागत नाही. माझा अर्धा दिवस त्यातच जातो, म्हणून मला ते लगेच दिसतं.

आणि काय लांबण लावलीयस! एक माणूस जिना उतरायला लागला की खाली पोचेपर्यंत महिना जातो. नोव्हेंबरच्या अंकात शेवटी बारीक अक्षरात छापलंय, 'पुढील अंकी समाप्त.' कोणालाही वाटेल, सुटलो. तुझी बायको, आमचे फादर, सगळे हेच म्हणत असतील, पण तुझ्या तोंडावर बोलणार नाहीत. एकटा क्लेमेंट तेवढा रोज विचारतो, 'खून कोणी केला असेल गं?' देवाकडे काही मागत नाही, माझ्याकडे पण नाही, एवढंच विचारतो.

तर हे झालं माझं प्रामाणिक मत. राग मानू नकोस, आणि मानलास तरी जेवून मान, रिकाम्या पोटी तुला ॲसिडिटी होते. लहानांना पापे, फ्लेवियाला आठवण.

तुझी,
बर्था आंटी

ता.क. एक गडबड झालीय. नोव्हेंबरचा भाग अर्ध्या तासात संपला असता, म्हणून मी तो थोडा थोडा वाचते. पण थोडा किती थोडा करणार? एके दिवशी तुझ्या पानावर फक्त धुकं होतं, तर मी मधे एक स्वयंपाकीण घातली. सुंदराबाई. जव्हारचीच. तिने आल्या आल्या सगळ्यांना झापलं की घरात मयत असताना फुगे कसले तळता, आधी चादर बदला. क्लेमेंट हसला रे! कितीतरी दिवसांनी हसला. मग मी तिला दुसऱ्या दिवशी पण आणलं, तिसऱ्या दिवशी पण. आता पंचाईत अशी, की तिने पास्कलचा ग्लास घासून ठेवला (मीच घासायला लावला, उष्टा ग्लास मला बघवत नाही) आणि तेव्हापासून क्लेमेंटचा संशय तिच्यावर आहे. मी रोज तिची बाजू घेऊन थकले. तर पुढच्या भागात सुंदराबाईला घाल, ती मुळापासून होती असंच लिही, आणि तिने काही केलेलं नाही हे नीट सगळ्यांसमोर सांग.

ता.ता.क. पत्र लिहायचं खरं कारण आता लिहिते. डिसेंबरात गोष्ट संपवू नकोस. मी तुझ्या पाया पडते. फादरशी बोल, छापणाऱ्याशी बोल, त्या 'समाप्त'चं काहीतरी कर. आणखी एक मयत पाड. जमिनीचा दावा काढ, आपल्या गावठाणात त्याला काय कमी आहे? वाटेल तेवढा जिना उतर. आणि बर्फ हवा तेवढा पाड, रे. सगळे रस्ते बंद होऊ देत, कोणाला त्या बंगल्यातून निघताच येऊ नये. डॉक्टरांना कळत नाही हा कशावर टिकलाय, पण मला कळतं. खून कोणी केला ते कळेपर्यंत तो जायचा नाही. कळलं की जाईल. त्याला कळू देऊ नकोस. लोकांना कंटाळा आला तर येऊ दे.

(डॅरिल, इथून पुढे मी जोआना लिहितेय. मम्मीने पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं आणि मासळी आणायला गेली. पप्पांनी ते उघडायला लावलं आणि माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. जुळ्या भावापाशी एवढे हसले की मला ऑक्सिजन लावावा लागला. त्यांना तुला काही सांगायचंय. थांबत थांबत बोलले, मी तसंच लिहितेय.)

'डॅरिल, खून डॉक्टरने केला. मला जुलैच्या अंकातच कळलं होतं, तेव्हा तर कोणी मेलं पण नव्हतं. सुंदराबाई तुझी नाही ते पण कळलं. एवढ्या महिन्यांत तुझ्या बंगल्यात कोणी भांडी घासली नव्हती. मी मुद्दाम तिच्यावर संशय घेतो. संशय घेतला की बर्था तिची वकिली करायला बसते. एरवी ती बसतच नाही रे, सकाळपासून उभी असते.

पण आता बस. रात्री फार दुखतं, तिला मी सांगत नाही. तिचं ऐकून लांबवू नकोस. मी खुनासाठी थांबलेलो नाही. ती वाचतेय, आणि ती वाचत असताना मी मधेच कसा उठून जाऊ? डिसेंबरात संपव. म्हणजे मी मोकळा.

एवढं कर. शेवटी सगळे पाहुणे निघून गेल्यावर सुंदराबाई त्या बंगल्यात एकटी राहील. तिच्याकडे कोणीतरी येत-जात राहतं, तिच्यापाशी घटकाभर बसतं, असं लिही. लिहिता नाही आलं, तर तू जात जा.'